प्रश्नावली बाजूला ठेव आणि आजीजवळ बस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

डिलाईल रोडच्या चाळीत आजीने चालवलेली खानावळ आणि तिच्या शेजारणींच्या आठवणी तुला नोंदवून ठेवायच्या आहेत, आणि ते काही केल्या सुरू होत नाही. कारण म्हणून तू लिहिलंस, "मी मुळातच आळशी आहे." हे मला अजिबात पटलेलं नाही. डोंबिवलीहून रोज सकाळची फास्ट पकडून वेळेवर ऑफिस गाठणारी, परत येऊन घरातलं निम्मं काम उरकणारी मुलगी आळशी कशी?

शिवाय तू काहीच केलं नाहीस असंही नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून टिपणं काढलीस, चांगल्या माईकची चौकशी केलीस, प्रश्नावली तर कितीदा नव्याने लिहिलीस. मात्र ज्यात आजी समोर बसलेली असेल, एवढंच एक काम तू केलेलं नाहीस. तयारीत मन रमतं, कारण तिथे कुणी दुखावत नाही आणि आपण कमी पडल्याचंही दिसत नाही. मुंबईत तर "वेळच मिळत नाही" हे कारण कुणालाही पटतं, अगदी आपल्या स्वतःलाही.

पत्रात तू जाता जाता एक वाक्य लिहून गेलीस: संपाचा विषय निघाला की आजी गप्प होते. माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. हे पुस्तकांत आहे. पण महिन्याच्या बोलीवर जेवणारी माणसं गावाला निघून गेली तेव्हा आजीच्या उधारीच्या वहीत काय उरलं, हे तिलाच ठाऊक. तू विचारलंस आणि ती रडली तर? आणि जे सांगेल ते तुला नीट मांडता आलं नाही तर? तुला भीती या गोष्टींची आहे, आणि ती आजीवरच्या मायेतून आलेली आहे. ती पूर्ण जाईल आणि मग सुरुवात करीन असं म्हणत थांबू नकोस. भीती असतानाच बसायचं.

म्हणून संपाचं विचारूच नकोस. पहिल्या पाळीच्या माणसांसाठी स्टोव्ह किती वाजता पेटायचा, ते विचार. भाकऱ्या किती व्हायच्या, मासळी कोण आणायचं, कोकणातला आणि घाटावरचा एका पंगतीला बसले तर कालवण कुणाच्या चवीचं व्हायचं? १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळण्याची वाट झाली. तुझ्या आजीने ते घेतलं होतं का? संपाचं तिला वाटेल तेव्हा ती सांगेल, नाही सांगितलं तरी चालेल. आधी तिची परवानगी घे, आणि तिचा आवाज जड झाला तर फोन बंद करून नुसती जवळ बस.

दुसरं, "या वीकेंडला नक्की" असं ठरवू नकोस. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात दाखवलं, की नुसत्या निश्चयापेक्षा "अमुक झालं की लगेच तमुक करीन" अशी बांधणी केली तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. तुझ्यापुरतं सांगायचं तर, रविवारी चारच्या चहाचे कप विसळून झाले की आजीच्या खाटेजवळ बसायचं आणि फोनवर रेकॉर्डिंग लावायचं. दहा मिनिटं पुरेत. सुरुवातीला तारीख आणि तिचं नाव बोल, रात्री दुसरीकडे एक प्रत काढून ठेव. माईक नंतर बघू.

एखादा रविवार चुकेल. तेव्हा स्वतःला बोल लावत बसू नकोस. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१० मधला अभ्यास आहे: पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे स्वतःला टोचत राहण्यालाच शिस्त समजतात.

आणि हो, "हे काम आधीच झालंय" असंही तू म्हणतेस. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांना बोलतं करून २००४ मध्ये मोठं पुस्तक केलं, हे खरं. त्यात तुझी आजी नाही. तिच्या शेजारणीही आता पांगणार. डिलाईल रोडसकट ब्रिटिशांच्या काळातल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या चाव्याही मिळाल्या. डिलाईल रोडला कोण कोण अजून जुन्या खोलीत आहे, ते आजीलाच विचार. तिला नावं पाठ असतील.

पहिल्या रविवारचं रेकॉर्डिंग मला पाठव. कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीचा आवाज, सगळ्यासकट, काही न कापता.

तुझी,
बाई