‘आठ’ काढताना पाय टेकला, आता पुन्हा जायची लाज वाटते

“चाळिशी उलटली. या वयात मोटरसायकल जमेल का? एकदा नापास झालो, रांगेतली पोरं हसली. पुन्हा त्या मैदानावर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.” थोड्याफार फरकाने ही तक्रार समुपदेशनात बरेचदा ऐकू येते. त्यातलं हे एक उदाहरण, ओळख पटेल असे तपशील बदलून.

गृहस्थ 41 वर्षांचे, सरकारी कचेरीत लिपिक. बदली आडगावी झालेली, एसटी फाट्यावर सोडते आणि पुढे 9 किलोमीटर आत जायचं. लहानपणी सायकल चालवलेली, मोटरसायकल कधीच नाही. लर्निंगची परीक्षा त्यांनी घरबसल्या दिली, 15 प्रश्नांपैकी 9 बरोबर लागतात, यांचे 14 आले. चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे डॉक्टरांकडून नमुना 1-अ चं प्रमाणपत्रही वेळेत घेतलं. कागदात काही कमी नव्हतं. पक्क्या लायसन्सच्या टेस्टला पाय न टेकता 8 च्या आकारात गाडी फिरवायची असते; तिथे मात्र त्या आठच्या दुसऱ्या वळणावर गाडी गचकली, डावा पाय खाली आला आणि निरीक्षकांनी हात केला. त्यानंतर तीन आठवडे गाडी अंगणात झाकून होती.

“माझ्यात धाडसच नाही,” असं ते सांगत होते. आम्ही धाडसाचा विषय बाजूला ठेवला आणि पाय टेकण्याआधीच्या पाच सेकंदांत नेमकं काय झालं तेवढंच विचारलं. नजर कुठे होती? पुढच्या चाकावर. हात? हँडल गच्च धरलेलं. क्लच? “आठवत नाही, बहुतेक सोडून दिला.” एवढ्यातच सगळं आलं.

भीती वाटली की शरीर आखडतं आणि मुठी आवळल्या जातात. उजवी मूठ आवळताना मनगट वाकलं की ॲक्सिलरेटर पिळला जातो, गाडी झेप घेते, भीती आणखी वाढते. डावीकडे क्लच एकदम सुटतो, मग गाडी एकतर उसळते नाहीतर बंद पडते. त्यात हँडल वळलेलं असताना कुणी पुढचा ब्रेक दाबला तर गाडी जागच्या जागी कलते, आणि पाय टेकण्यावाचून इलाज उरत नाही. यात वयाचा संबंध नाही. विशीतल्या पोराचंही असंच होतं, फक्त तो संध्याकाळी पुन्हा गाडी काढतो. या गृहस्थांची खरी अडचण ते तीन आठवडे होते. टाळल्याने भीती घरात मुक्काम ठोकते.

मग सरावाच्या पायऱ्या पाडल्या. प्रत्येक पायरीवर भीतीला 0 ते 10 मध्ये गुण द्यायचे, आणि आकडा 3 वर किंवा त्याखाली आल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

पहिले दोन दिवस इंजिन बंद. गाडी हाताने ढकलत मैदानात फिरवायची, थांबवायची, मधल्या स्टँडवर चढवायची. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचं वजन साधारण 110 ते 125 किलो असतं. ते अंगाला कळलं की “पडली तर उचलणार कशी” ही धास्ती ओसरते.

पुढचे चार दिवस फक्त क्लच, आणि या पायरीला घाई करू नये. सपाट जागा, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर, ॲक्सिलरेटरला हात नाही. क्लच इतका हळू सोडायचा की गाडी पुढे ओढ घेऊ लागते तो बिंदू बोटांना कळावा. तिथेच थांबून पुन्हा आत ओढायचा. असं रोज 30 वेळा. सोबत एक सवय लावून घ्यायची: घाबरलं की क्लच आत. क्लच आत गेला की इंजिनाची ओढ चाकापर्यंत पोहोचतच नाही. या गृहस्थांचा आकडा चौथ्या दिवशी 8 वरून 3 वर आला, आणि तो या एका सवयीमुळे आला.

त्यानंतर सरळ रेषेत सावकाश चालवणं, मग मोठा गोल, मग दोन विटा ठेवून आठ. विटांमधलं अंतर आधी 10 मीटर, जमेल तसं कमी. वळताना अर्धा क्लच, ॲक्सिलरेटर एकसारखा, वेग आवरायला मागच्या ब्रेकवर हलका पाय. नजर पुढच्या वळणाच्या शेवटाकडे हवी, चाकाकडे गेली की तोल गेलाच. सराव दोन्ही दिशांनी करायचा, कारण बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. हाताचे इशारेही चालत्या गाडीवर करून बघावेत, उजवा हात ॲक्सिलरेटरवरून निघतो तेव्हा गाडी मंदावते हे आधी माहीत हवं.

मधेच त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. एजंट म्हणतो, पैसे द्या, आठ काढावाच लागणार नाही. देऊ का? आम्ही स्पष्ट नाही म्हटलं. फाट्यापासूनच्या त्या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकींना मागे दिवा नसतो. तिथे लायसन्सचं कार्ड उपयोगाचं नाही, हातातला क्लच लागतो. दुसरी गोष्ट, टेस्टच्या सकाळी शेजाऱ्याकडची मन शांत करणारी गोळी घेऊ का? मुळीच नाही. तिने गुंगी येते, हात उशिरा हलतो.

नापास होण्याची भीती कायदा वाचून थोडी कमी झाली. नापास झाल्यावर 7 दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालं तर मात्र 60 दिवस थांबावं लागतं. लर्निंग 6 महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट 30 दिवसांनंतरच देता येते, म्हणून तारीख 30 दिवस उलटल्यावर लगेचचीच घेतली की हाताशी वेळ राहतो. अर्ज भरताना ‘गिअरसह’ हा प्रकार निवडलाय ना, तेही बघा. बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स मोटरसायकलला चालत नाही.

टेस्टला त्यांनी सराव केलेलीच गाडी नेली. मूळ लर्निंग, आरसी, विमा, पीयूसी, आयएसआय खुणेचं हेल्मेट, चपलेऐवजी बूट. पाळी येईपर्यंत दीड तास उन्हात गेला. त्या वेळात ते आठचा मार्ग नुसत्या नजरेने फिरत राहिले, आणि चार मोजत श्वास घेऊन सहा मोजत सोडत राहिले. गाडीवर बसताना गुडघे थरथरत होते, भीती 5 वर होती. दुसऱ्या वळणावर गाडी गचकू लागली तेव्हा बोटांनी क्लच आत घेतला, पुन्हा ओढीच्या बिंदूवर आणला, पाय फूटरेस्टवरच राहिले.

पहिला महिना त्यांनी मागे कुणाला बसवलं नाही, आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं ठरवून घेतलं.