मराठी व्यावसायिक नाटकाचा निर्माता होण्याचे प्रशिक्षण कुठे मिळते?

लंडनमध्ये स्टेज वन ही संस्था नव्या व्यावसायिक निर्मात्यांसाठी कार्यशाळा घेते आणि त्यांना आर्थिक पाठबळही देते, तसे आपल्याकडे काही आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या पाहण्यात तरी नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालय असो, मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग असो किंवा पुण्याचे ललित कला केंद्र असो, तेथून नट, दिग्दर्शक आणि नेपथ्यकार बाहेर पडतात. उभे राहिलेले नाटक पन्नासाव्या प्रयोगापर्यंत कसे न्यायचे, हे मात्र बुकिंगच्या खिडकीवरच कळते. मला ते २०१९ साली कळले आणि त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतले ६ लाख रुपये गेले.

राज्य नाट्य स्पर्धेत गाजलेले एक दोन अंकी नाटक मी आणि माझ्या दिग्दर्शक मित्राने व्यावसायिक रंगभूमीवर आणले. नाट्यगृहाचे भाडे, वर्तमानपत्रातील जाहिरात, कलाकारांची नाइट (दर प्रयोगाचे मानधन), पडद्यामागच्या मंडळींचे पैसे, लेखकाचे मानधन, नेपथ्याचा टेम्पो आणि बस मिळून एका प्रयोगाला सुमारे ९५,००० रुपये लागत. तिकीट सरासरी ३०० रुपये धरले, तर ३१७ तिकिटे खपल्याखेरीज खर्चही निघत नव्हता. संहिता मला पहिल्या वाचनापासून पाठ होती. हा भागाकार मात्र मी आठव्या प्रयोगानंतर केला.

त्याहून महागात पडले ते तारखांचे अज्ञान. नाट्यगृहांच्या तारखांचे वाटप काही महिने आधीच होते, जुन्या संस्थांचे शनिवार-रविवार ठरल्यासारखे असतात आणि नवख्याच्या वाट्याला मंगळवारची रात्र येते. त्यामुळे २४ मार्चची, रविवार दुपारी साडेचारची तारीख कोणीतरी सोडली आणि ती आम्हाला मिळाली, तेव्हा आम्ही दोघांनी पेढे वाटले. आमच्याकडे एक वयस्कर व्यवस्थापक होते, ज्यांची हयात दादरच्या शिवाजी मंदिरापासून सांगलीच्या भावे नाट्यमंदिरापर्यंत नाटकाच्या बसमधून फिरण्यात गेली होती. त्यांनी पेढा हातात घेतला आणि ते म्हणाले, “साहेब, हा रविवार नव्हे, हा मार्चचा चौथा रविवार आहे.” महिनाअखेर, मुलांच्या परीक्षा आणि नोकरदारांच्या मागे आर्थिक वर्ष संपण्याची घाई, हे सारे त्यांच्या त्या एका वाक्यात होते. तारीख परत करावी, असे त्यांनी सुचवले. मित्र म्हणाला, की चांगल्या नाटकाला प्रेक्षक कुठूनही येतो. मी मित्राचे ऐकले.

त्या दिवशी ११८ तिकिटे गेली. तिसरी घंटा झाली तेव्हा मी विंगेतून मागच्या रिकाम्या रांगा पाहत होतो आणि ३५,४०० रुपयांतून आधी कोणाचे पैसे द्यायचे, याचा विचार करत होतो. प्रयोग उत्तम झाला, हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या प्रयोगानंतर मी नाटक बंद केले.

मित्राने मला अजून क्षमा केलेली नाही. ‘वस्त्रहरण’सुद्धा सुरुवातीला चालत नव्हते, असे तो आजही चारचौघांत ऐकवतो. ते खरेच आहे. पण त्या नाटकाला पु. ल. देशपांड्यांच्या कौतुकाचे पत्र मिळाले आणि ते जाहिरातीत वापरणारा निर्माता मिळाला. आम्ही कोणाच्या पत्राची वाट पाहत होतो, हे त्याने सांगावे. कलेची किंमत पैशात करू नये, हे त्याचे दुसरे वाक्य. गंधर्व नाटक मंडळी लोकप्रियतेच्या ऐन भरात कर्जात बुडाली, ती प्रेक्षक नव्हते म्हणून नव्हे, खर्चाला हात आखडणारा कोणी नव्हता म्हणून.

तेव्हा आपल्याला शिकायचेच असेल, तर एखाद्या चालत्या संस्थेत व्यवस्थापकाच्या हाताखाली वर्षभर राहावे. प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा तक्ता, विक्रीसाठी खिडकीवर लागल्यावर पहिल्या दिवशी कोणत्या रांगा भरतात, शेवटच्या दोन तासांत काय जाते आणि ऑनलाइन किती विकले जाते, हे रोज वहीत लिहावे. एक दौरा बसमधून करावा. मी पुढे हेच केले, आणि माझे दुसरे नाटक मुख्यतः संस्था-मंडळांनी ठरलेल्या रकमेला घेतलेल्या कंत्राटी प्रयोगांवर तरले. नव्या नाटकांना सरकारी अनुदान आहे, त्यासाठी अर्ज जरूर करावा. मात्र ते पैसे प्रयोगांनंतर येतात आणि टेम्पोवाल्याला त्याच रात्री द्यावे लागतात.

हे सारे मुंबई-ठाणे-पुण्याच्या नाट्यगृहांपुरते आहे. वडसा-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत गावातली मंडळे नाटक ठरवतात आणि प्रयोग रात्रभर चालतो, त्यामुळे तिथला हिशेब निराळा. शिवाय माझ्या नाटकात नावाजलेला चेहरा नव्हता, तो असता तर कदाचित मीही तारखांविषयी इतका कडवट झालो नसतो.

राहिला आयपीएलचा मुद्दा. त्या दिवशी वानखेडेवर मुंबईचा सामना होता म्हणून प्रेक्षक आला नाही, असे माझा मित्र सांगत असतो. सामना रात्री आठला होता आणि आमचे नाटक सातला संपले होते. त्या प्रयोगाचा प्लॅन माझ्या कपाटात आहे. त्याने केव्हाही यावे आणि पेन्सिलीच्या खुणा स्वतः मोजाव्यात.