युगांडाला तीन महिन्यांसाठी जाताना मलेरियाची कोणती गोळी घ्यावी?

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: तुम्ही तीन आठवड्यांनी युगांडातील एका साखर कारखान्यात तीन महिन्यांच्या कामासाठी निघणार आहात, डॉक्टरांनी मेफ्लोक्विनची आठवड्याला एक गोळी लिहून दिली आहे, इंटरनेटवर तिच्याविषयी वाचून तुम्ही धास्तावला आहात, आणि कंपालात राहणारा मित्र म्हणतो की इथे कोणीच गोळ्या घेत नाही, ताप आला तर बघता येईल. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे की तुम्हाला ॲसिडिटीचा त्रास आहे, आणि दोन वर्षांपूर्वी झोप न लागणे व धडधड यांसाठी काही महिने मानसोपचारतज्ज्ञांचे औषध चालू होते. मात्र त्याचा या विषयाशी संबंध नाही असे वाटल्याने ते तुम्ही डॉक्टरांना सांगितले नाही.

मी डॉक्टर नाही. पूर्व आफ्रिकेतील साखर कारखान्यांत माझी बरीच नोकरी झाली आणि भारतातून नव्याने येणाऱ्या मंडळींच्या गोळ्यांकडे लक्ष ठेवण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले, एवढ्याच अधिकाराने लिहितो. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. ज्यांना नैराश्य, चिंताविकार किंवा अन्य मानसिक आजार आहे वा पूर्वी होऊन गेला आहे, ज्यांना कधी फिट आली आहे, किंवा ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यांच्या वहनात दोष आहे, त्यांना प्रतिबंधासाठी मेफ्लोक्विन देत नाहीत. तेव्हा पहिली गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा आणि जुनी फाईल सोबत न्या.

यात डॉक्टरांचे चुकले असेही म्हणता येत नाही. आपल्याकडील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामाला रोज १०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन आणि त्याहून लांबच्या मुक्कामाला आठवड्यातून एकदा २५० मिलिग्रॅम मेफ्लोक्विन सुचवलेले आहे, त्यामुळे तीन महिने हा शब्द ऐकल्यावर डॉक्टरांची लेखणी मेफ्लोक्विनकडे वळणे स्वाभाविक आहे. त्याच सूचनांत या औषधापूर्वी रुग्णाची नीट चौकशी करावी असेही म्हटले आहे, पण चौकशीला उत्तर देणाऱ्याने माहिती द्यावी लागते. आपल्याकडे मनाच्या आजाराचे औषध घेतल्याची गोष्ट माणूस दाताच्या डॉक्टरलाच काय, फॅमिली डॉक्टरलाही सांगत नाही, आणि हे औषध नेमके तिथेच अडचणीत आणते.

इंटरनेटवर तुम्ही जे वाचले त्यात अतिशयोक्ती असेल, पण ते निराधार नाही. मेफ्लोक्विन अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत विकसित झाले आणि १९८९ मध्ये तेथे त्याला परवानगी मिळाली. पुढे सैनिकांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०१३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक समजला जाणारा चौकटीतील इशारा छापायला लावला: मानसिक परिणामांबरोबरच चक्कर, तोल जाणे आणि कानात आवाज येणे हे त्रास औषध थांबवल्यावरही दीर्घकाळ, क्वचित कायमचे राहू शकतात. असे असूनही पुष्कळ लोकांना या गोळीने काही होत नाही, हेही तितकेच खरे आहे. माझ्याबरोबरच्या अनेकांनी ती निमूटपणे घेतली आणि रविवारच्या जेवणानंतरची गोळी म्हणून तिची सवय करून घेतली. एक सहकारी मात्र दुसऱ्या गोळीनंतर रात्री दचकून उठू लागला. स्वप्ने इतकी स्पष्ट आणि भीतिदायक पडत, की तो झोपायलाच घाबरे, आणि दिवसा कारण नसताना चिडे. त्याला वाटले की नवी जागा आणि घरची आठवण यामुळे हे होत असावे. तिथल्या डॉक्टरांनी लगेच औषध बदलले. विचित्र स्वप्ने, निद्रानाश, अकारण भीती किंवा बेचैनी ही लक्षणे सोसून पुढची गोळी घ्यायची नसते. ती पुढच्या त्रासाची पूर्वसूचना मानून डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरे औषध सुरू करायचे असते. मेफ्लोक्विन निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सुरू करायला सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे, कारण असे त्रास बहुधा पहिल्या काही गोळ्यांतच दिसतात आणि घरी असतानाच औषध बदलता येते.

मग पर्याय काय? पहिला अर्थातच डॉक्सीसायक्लिन. निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, आणि मलेरियाचा प्रदेश सोडल्यावर आणखी चार आठवडे. आपल्याकडील सूचनांत त्याला सहा आठवड्यांची मर्यादा असली, तरी अमेरिकेतील माहितीपत्रकात चार महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या प्रवासाला ते मान्य आहे, म्हणून तीन महिन्यांचा प्रश्न डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडता येईल. मनावर त्याचा मेफ्लोक्विनसारखा परिणाम होत नाही. त्याचा त्रास पोटाला आणि कातडीला होतो, आणि तुम्हाला ॲसिडिटी असल्याने इथे थोडे सविस्तर लिहितो.

ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे विरघळून जखम करते. आमच्याकडे एका तरुण केमिस्टला रात्री दिवा मालवताना घोटभर पाण्याबरोबर गोळी टाकून आडवे होण्याची सवय होती. काही दिवसांनी त्याला छातीच्या मध्यभागी अशी कळ येऊ लागली की चहाचा घोटही गिळवेना, आणि सगळ्यांना वाटले हृदयविकारच आहे. म्हणून ही गोळी जेवणानंतर, बसून किंवा उभे राहून, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान तासभर आडवे होऊ नये. ॲसिडिटीवरचे पांढरे-गुलाबी पातळ औषध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या तिच्याबरोबर घेतल्या तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून त्यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा; दुधाबरोबर घेणेही टाळा. ॲसिडिटीसाठी रोजचे कोणते औषध चालते हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट उन्हाची. डॉक्सीसायक्लिनवर असताना कातडी नेहमीपेक्षा लवकर भाजते, आणि आपला रंग सावळा आहे म्हणून आपल्याला काही होत नाही हा समज युगांडाच्या विषुववृत्तीय उन्हात टिकत नाही. उसाच्या फडात फिरायचे असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि सनस्क्रीन हवेच. मानेची मागची बाजू आणि पंजाची पाठ हमखास विसरली जाते. आठ वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांना हे औषध प्रतिबंधासाठी देत नाहीत आणि स्त्रियांना त्यामुळे योनिमार्गाचा बुरशीसंसर्ग होऊ शकतो. कुटुंब मागाहून येणार असेल तर त्यांचा विचार वेगळा करावा लागेल.

दुसरा पर्याय ॲटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल यांची एकत्र गोळी. सर्वसाधारणपणे सर्वांत कमी त्रास हिचाच होतो: कोणाला पोटदुखी, मळमळ, डोकेदुखी, इतकेच. ती स्निग्ध जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली तरच नीट शोषली जाते, म्हणजे डॉक्सीसायक्लिनच्या अगदी उलट. ती यकृतातल्या अवस्थेतील जंतूंवरही काम करते, म्हणून परतल्यावर चार आठवड्यांऐवजी सात दिवस पुरतात. मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल तर चालत नाही. अडचण किमतीची आहे, आणि तुमच्या शहरात मिळते का हे आधी औषधाच्या दुकानात विचारावे लागेल. तीन महिन्यांचा खर्च कंपनी देत असेल, तर तुमच्या जागी मी हीच मागितली असती.

क्लोरोक्विनचा विचारच करू नका. आफ्रिकेतील फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे या आजाराचा सर्वांत घातक प्रकार, त्याला केव्हाच दाद देईनासा झाला आहे. प्रायमाक्विन या आणखी एका औषधापूर्वी जी-सिक्स-पीडी या विकराची रक्ततपासणी अनिवार्य असते, कारण तो विकर कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात.

आता तुमच्या मित्राविषयी. जे तिथेच लहानाचे मोठे झाले त्यांच्या अंगी वारंवार मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. तुमच्या अंगी ती नाही. आपण भारतातले, डासांची आपल्याला सवय आहे, हा युक्तिवाद मी नव्याने आलेल्या धडधाकट माणसांच्या तोंडून ऐकला आहे आणि त्यांतल्या काहींना आठवडाभरात सलाईनवर पाहिले आहे. आपल्याकडे व्हायव्हॅक्स या तुलनेने सौम्य प्रकाराचेही बरेच रुग्ण असतात. तिथे प्रामुख्याने फाल्सिपेरम आहे, आणि तो एक-दोन दिवसांत मेंदू किंवा मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. ताप आल्यावर बघू म्हणणाऱ्याला बघायला तेवढाच वेळ मिळतो. गोळी चालू असतानाही संध्याकाळपासून पहाटेपर्यंत डास टाळावेतच, कारण कोणतीही गोळी शंभर टक्के संरक्षण देत नाही.

गोळ्या पुऱ्या मुदतीला पुरतील इतक्या इथूनच न्या; तिकडच्या बाजारात नकली माल मिळण्याचा धोका असतो. पीतज्वराची लस घेतली नसेल तर तीही प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हा डॉक्टरांची भेट याच आठवड्यात उरका.

परत आल्यावर गोळ्या मध्येच सोडून देण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण घरी आल्यावर धोका संपला असे वाटते. यकृतात दडलेले जंतू त्यानंतर रक्तात उतरतात आणि उरलेल्या गोळ्या त्यांच्यासाठीच असतात. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडचे डॉक्टर आधी डेंग्यूचा विचार करतील, म्हणून युगांडाहून आल्याचे न विचारता सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.