विळीपासून तव्यापर्यंत

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. साताऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला पुण्यातल्या रत्नागिरीकरांच्या सासरी मासे रांधायला शिकायचे आहे, त्यातच दिरांना कोळंबी आणि खेकडे मुळीच चालत नाहीत, चार वर्षांच्या पुतणीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि सासऱ्यांच्या अंगावर एकदा बांगडा खाऊन गांधी उठल्या होत्या, हे सगळे एकदम समोर आल्यावर तू धास्तावलीस यात नवल नाही. सुरुवात कोणत्या माशापासून करू, असे तू विचारले आहेस. पापलेटापासून कर. मात्र तुमच्या घरात मासा चुलीवर बिघडण्याची भीती कमी आणि बाजारातल्या विळीपासून आपल्या तव्यापर्यंतच्या वाटेवर बिघडण्याची भीती जास्त आहे, म्हणून आधी त्या वाटेविषयी लिहिते.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते, कारण ती मी आजही विसरलेले नाही. माझ्या भाच्याला कोळंबीची ॲलर्जी होती आणि ते मला ठाऊक होते. सकाळी पाहुण्यांसाठी कोळंबी तळली, उरलेले तेल फडक्यातून गाळून वाटीत ठेवले आणि दुपारी त्याच तेलात त्याच्यासाठी पापलेटाच्या तुकड्या तळल्या. तेल अगदी स्वच्छ दिसत होते; वाटीच्या तळाशी तांबूस असा एकच कण होता आणि तो मी पाहिलाही होता. दोन घास खाऊन तो ओठ चोळू लागला, थोड्याच वेळात त्याचा आवाज घोगरा झाला आणि आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेले. तो वाचला. त्या दिवसापासून एकदा कोळंबी पाहिलेले तेल मी दुसऱ्या कशालाही वापरलेले नाही.

असे का होते, हे नीट समजून घे, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. कोळंबी, खेकडे आणि शेवंड यांच्या ॲलर्जीला मुख्यतः ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन कारणीभूत असते, तर पापलेट, सुरमई, बांगडा अशा काटेवाल्या माशांच्या ॲलर्जीमागे पार्व्हाल्ब्युमिन हे निराळेच प्रथिन असते. म्हणूनच कोळंबी न चालणाऱ्या अनेकांना पापलेट निर्धास्त खाता येते. पण भाऊजी त्या अनेकांपैकी आहेत की नाहीत, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचे, तू किंवा मी नव्हे. तिसऱ्या (शिंपल्या), कालवे आणि माकुल (स्क्विड) यांतही ट्रोपोमायोसिन असते, तेव्हा डॉक्टरांचा स्पष्ट होकार मिळेपर्यंत तेही घरात नकोत. ही दोन्ही प्रथिने उष्णतेला दाद देत नाहीत. चांगले उकळले किंवा खरपूस तळले की दोष जातो, असे तुला कोणीतरी वडीलधारे प्रेमाने सांगेल. त्यांचा मान राखून ऐकून घे, पण तसे करू नकोस. शिजणाऱ्या कोळंबीच्या वाफेनेही काही माणसांना त्रास होतो.

आता बाजार. पुण्यात तू गणेश पेठेत जाशील. तिथे विक्रेत्याच्या विळीकडे थोडा वेळ उभी राहून पाहा: कोळंबी सोलली, त्याच फळीवर सुरमई कापली, एकाच बादलीच्या पाण्यात दोन्ही धुतली. त्यात त्यांची काही चूक नाही, धंदा असाच चालतो. पण तुला तुकड्या करून घ्यायच्या नाहीत, मासा अख्खाच घ्यायचा. शक्यतो सकाळी लवकर जा, कोळंबीच्या पाटीपासून दूर ठेवलेला मासा माग, आणि कोळंबीवरच्या बर्फाचे पाणी त्याच्यावर ओघळत नाही ना, हे स्वतः वाकून बघ. घरी कोळंबीची ॲलर्जी आहे, असे मोकळेपणाने सांग. रोजची गिऱ्हाईक झालीस की त्या बायका स्वतःहून तुझ्यासाठी मासा बाजूला काढून ठेवतील.

ताजेपणाची पारख सोपी आहे. डोळे उठावदार असावेत, कल्ले लाल असावेत, बोटाने दाबलेली जागा लगेच वर यावी आणि वास समुद्राचा यावा. पापलेटाच्या कल्ल्यापाशी दाबल्यावर पांढरट द्रव आला तर ते ताजे असे आमच्याकडे समजतात; तांबूस आला तर परत ठेव.

पापलेटापासून सुरुवात कर म्हणाले, ते एवढ्यासाठी की ते अख्खे आणून घरी साफ करणे नवख्या हातालाही जमते. आधी ते वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धू. कात्रीने पर आणि शेपटीचे टोक काप, कल्ल्याखाली लहानशी चीर देऊन बोटाने आतले सगळे बाहेर ओढ, पुन्हा धू, आणि दोन्ही अंगांना काट्यापर्यंत पोहोचतील अशा तीन तिरक्या चिरा दे. पहिल्या खेपेला चिरा वेड्यावाकड्या येतील, त्याची चिंता करू नकोस. मीठ, हळद, लाल तिखट, आले-लसणाची गोळी आणि आमसुलाचे आगळ चिरांच्या आत बोटाने भर आणि वीस मिनिटे थांब. मग तांदळाच्या पिठात घोळवून, नीट तापलेल्या लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर ठेव. इथे सगळ्यांची घाई होते. मासा तव्याला धरून राहिला आहे, याचा अर्थ त्याची खालची बाजू अजून झालेली नाही. कड सोनेरी झाली की तो स्वतःच सुटतो, तोवर उलथने लावायचे नाही. मध्यम आकाराच्या पापलेटाला एका बाजूला चार-पाच मिनिटे पुरतात. रव्यात घोळवलेला मासा अधिक कुरकुरीत होतो हे खरे, पण रवा गव्हाचा असतो, तेव्हा जेवायला येणाऱ्या कोणाला गहू वर्ज्य नाही ना, हे विचारून मगच तो वापर.

तेलाचे आणि दाण्याचे जरा सविस्तर लिहिते, कारण इथे तुझे माहेर आड येणार आहे. आपल्या देशावरच्या हाताला वळण असे असते की कालवण पातळ दिसले की तो आपोआप दाण्याच्या कुटाच्या डब्याकडे जातो. तो डबा स्वयंपाकघरातून काढून टाक. वरच्या फळीवर ठेवणे पुरेसे नाही. हल्ली लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचे मोठे कौतुक आहे, पण अशा तेलात दाण्याचे प्रथिन शिल्लक राहते, म्हणून ते तुमच्या घरात नको. खोबरेल वापर, माशाला तेच शोभते. मिक्सरचे भांडे तर बदलच. तुझ्या जुन्या भांड्याच्या झाकणातली रबरी कडी नखाने उचकटून पाहा, तिच्या खाचेत कुटाचा पांढुरका थर बसलेला दिसेल. ते भांडे तू रोज घासत होतीस, तरी तो तिथेच होता. त्याच भांड्यात ओल्या खोबऱ्याचे वाटण वाटले असते तर काय झाले असते, याचा विचार कर.

कालवण त्यामानाने सोपे आहे. ओले खोबरे, धणे, सुक्या मिरच्या आणि हळद यांचे गंधासारखे बारीक वाटण कर, त्याला एक चांगली उकळी आण, आमसुले घाल आणि मगच मासा सोड. बांगड्याच्या कालवणात बिया काढून ठेचलेली तिरफळे हवीतच. मासा सोडल्यावर डाव घालून ढवळायचे नाही, टोप दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवायचा. सहा-सात मिनिटांत आच बंद कर.

सासऱ्यांच्या बांगड्याविषयी मात्र घाईने मत बनवू नकोस. बांगडा, कुपा, सुरमई हे मासे बर्फाविना उबेत राहिले तर जिवाणूंमुळे त्यांच्या मांसात हिस्टॅमिन नावाचे त्रासदायक द्रव्य तयार होते. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, गांधी उठतात, डोके दुखते. दिसायला ती हुबेहूब ॲलर्जीच, पण दोष माणसाच्या प्रकृतीत नसून माशाच्या साठवणीत असतो. एकदा तयार झालेले हिस्टॅमिन शिजवून जात नाही. त्या दिवशी तोच बांगडा खाल्लेल्या इतर कोणाला त्रास झाला होता का, हे सासूबाईंना विचार आणि ती माहिती डॉक्टरांच्या कानावर घाल. ते निर्णय देईपर्यंत सासऱ्यांच्या ताटात बांगडा वाढू नकोस. आणि तुझ्यापुरते सांगायचे तर मासळी बाजाराला जाताना बर्फाचा डबा बरोबर ने आणि वाटेत दुसरी कामे उरकत बसू नकोस.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा सासरी सुकी मासळी निघेल. सुकट, जवळा, करदी, सोडे ही सगळी कोळंबीच्याच कुळातली आहेत, हे नावांवरून तुझ्या ध्यानात येणार नाही. सुके बोंबील याच ढिगांना लागून विकायला ठेवलेले असतात आणि त्यांना जवळ्याचा चुरा चिकटलेला असतो. भाऊजींसाठी सुकी मासळी टाळलेलीच बरी. तयार मसाल्याची पुडी घेताना मागचा मजकूर वाच. २०२० च्या अन्न लेबलिंग विनियमांनुसार कवचधारी जलचर, मासे, शेंगदाणे, गहू, दूध, अंडी, सोयाबीन यांचा घटकांत समावेश असेल तर तसे छापणे बंधनकारक आहे.

एक काम मात्र पहिल्या माशाच्या आधीच उरकून घे. भाऊजी आणि पुतणी यांच्या डॉक्टरांकडून आणीबाणीत काय करायचे ते लिहून घे आणि तो कागद फ्रिजवर लाव. नुसत्या गांधी उठल्या तर काय द्यायचे हे ते सांगतील. पण श्वास लागला, आवाज बदलला, घसा आवळला किंवा चक्कर आली, तर गोळीची वाट पाहण्यात वेळ जातो. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच उपयोगी पडते. डॉक्टरांनी ते घरात ठेवायला सांगितले तर ते कसे द्यायचे हे घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावे. १०८ ला फोन करावा, माणसाला आडवे ठेवावे, श्वासाला त्रास होत असेल तर बसते ठेवावे, चालवत मात्र नेऊ नये. बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

पुतणीने आजवर मासा खाल्लेला नाही, असे तू लिहिले आहेस. तिला पहिला घास द्यायच्या आधीही डॉक्टरांना विचार, आणि त्यांनी हो म्हटल्यावर पापलेटाच्या पाठीकडचा, काटे काढलेला, मसाला न लावलेला तुकडा दिवसाउजेडी दे, म्हणजे गरज पडली तर दवाखाना उघडा असेल.

येत्या रविवारी दोनच पापलेटे आण. झाल्यावर मला कळव, आणि मासा तव्यापासून सुटला तेव्हा त्याची कड कशी दिसत होती, तेही लिही.

तुझी,
मावशी