एअर रायफलचा ग्रुप (टार्गेटवर छऱ्यांच्या छिद्रांचा झुबका) विखुरतो. नवी रायफल घ्यावी का?

नको, इतक्यात नको. वरळीच्या रेंजवर दहा मीटरवर सराव करताय आणि छरे कधी वर, कधी डावीकडे जातात असं तुम्ही लिहिलंय. असं सगळीकडे पांगणं बहुतेक वेळा उभं राहण्याच्या पद्धतीतून येतं. १० गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे हाताच्या जोराने रायफल जागेवर धरून भागत नाही.

हे करून बघा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट (रायफलवरची नेम धरायची खिडकी) टार्गेटच्या उजवीकडे गेली असेल तर हाताने ओढून आणू नका, मागचं पाऊल किंचित सरकवा. पुन्हा डोळे मिटा. साइट आपसूक मधोमध येईपर्यंत ट्रिगरला बोट लावायचंच नाही. मी तर म्हणेन, एखादा आख्खा सराव यातच गेला तरी चालेल.

गाल दर वेळी चीकपीसवर, म्हणजे रायफलच्या गाल टेकवायच्या भागावर, त्याच जागी टेकवा, आणि छरा सुटल्यावरही क्षणभर नेम सोडू नका. घरी, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, ड्राय फायर, म्हणजे छरा न भरता नेम धरून ट्रिगर दाबायचा सराव, रोज करा.

मग छरे. ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असे वेगवेगळ्या मापांचे थोडे थोडे घ्या. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. स्टॉकचे (खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याचे) स्क्रूही तपासा. मुंबईच्या पावसाळ्यात दमट पेटीत रायफल ठेवू नका, गंज चढतो.

ग्रुप जमल्याशिवाय साइटचे क्लिक (नेम थोडा थोडा सरकवणारे खटके) फिरवू नका.