वाचकांचे प्रश्न: जुनी वही, पावसाचे माप आणि विसरलेली साले

प्रश्न: आजोबांच्या रोजवहीत ‘शके 1869, अधिक श्रावण वद्य 14’ अशा नोंदी आहेत. पाऊस, गाडीच्या वेळा, कोण आले-गेले असे सगळे त्यात आहे. याच्या इंग्रजी तारखा कशा काढायच्या?

उत्तर: तुम्ही नमुन्याला दिलेली तिथीच फार मोलाची निघाली. ती तारीख आहे 15 ऑगस्ट 1947, शुक्रवार. त्या पानावर पावसाशिवाय आणखी काय लिहिले आहे, ते नीट वाचा.

आता रीत. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष या सीमेवर येतात, त्यामुळे या दोन महिन्यांतल्या नोंदींना दोनदा तपासावे लागते. साल मिळाले की त्या वर्षाचे पंचांग काढून महिना, पक्ष आणि तिथी जुळवा. जुनी पंचांगे मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत पाहायला मिळतात, आणि संगणकावरची पंचांगेही मागच्या सालांची तिथी दाखवतात. मात्र महिना अमान्त, म्हणजे आपल्यासारखा अमावास्येला संपणारा आहे का, हे आधी बघून घ्या. उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपला श्रावण वद्य त्यांच्याकडे भाद्रपदात मोडतो आणि सगळा वद्य पक्ष महिनाभर सरकल्यासारखा दिसतो.

सगळ्यात जास्त चुका अधिक महिन्यात होतात. शके 1869 मध्ये श्रावण दोन होते. वहीतला ‘अधिक’ हा शब्द नजरेतून सुटला आणि निज, म्हणजे त्यानंतरचा नेहमीचा श्रावण धरला, तर हीच नोंद सप्टेंबरच्या मध्यावर जाऊन बसेल. पुष्कळ जण ‘अधिक’चा नुसता ‘अ.’ लिहीत, तो शाईचा डाग समजून सोडून देऊ नका.

शेवटचा ताळा वाराचा. दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाच्या तिथीवरून. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली असेल, किंवा आजोबांनी संध्याकाळी चालू असलेली तिथी लिहिली असेल, तर एका दिवसाचा फरक पडतो. वहीत वार असेल तर तिथीपेक्षा वारावर जास्त विश्वास ठेवा. तिथी चुकते, वार सहसा चुकत नाही.

पावसाच्या नोंदी नक्षत्रावर असतील तर काम सोपे आहे. मृग 7-8 जूनला लागतो, आर्द्रा 21-22 जूनला, पुनर्वसू 5-6 जुलैला, पुष्य 19-20 जुलैला आणि हस्त 26-27 सप्टेंबरला. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. ‘तरणा’ लिहिले असेल तर पुनर्वसू आणि ‘म्हातारा’ लिहिले असेल तर पुष्य. या तारखा साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, म्हणून जुन्या वहीतला मृग एखाद दिवस आधी दिसला तर गोंधळू नका.

गाडीच्या वेळांचेही एक सांगून ठेवतो. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या युद्धकाळात देशभर घड्याळे तासभर पुढे होती. त्या काळात ‘सकाळी 7 ला निघालो’ असे लिहिले असेल, तर आजच्या हिशेबाने ते 6 वाजता निघाले. मुंबईत तर 1955 पर्यंत ‘मुंबई टाइम’ही चाले, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे. एकाच दिवशी घरून निघण्याची आणि गाडी सुटण्याची वेळ जुळत नसेल, तर घर मुंबई टाइमवर आणि रेल्वे प्रमाणवेळेवर होती का, ते आधी तपासा.

प्रश्न: आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. रोजचा पाऊस घरी मोजून वहीत ठेवायचा आहे. कोणते भांडे वापरावे आणि नोंद कशी करावी?

उत्तर: सरळ भिंतीचा स्टीलचा डबा घ्या. तोंड आतून 16 सेंटिमीटर आणि उंची निदान 30. या तोंडाचे क्षेत्रफळ जवळपास 200 चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे डब्यातले दर 20 मिलिलिटर पाणी हा 1 मिलिमीटर पाऊस. औषधाच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्याकडे 100 मिलिलिटरचे मोजपात्र मिळते, त्याने मोजा. डब्यात पट्टी बुडवून मोजू नका. थोड्या पावसात पट्टीवर काहीच वाचता येत नाही. तुमच्याकडे एका रात्रीत 200 मिलिमीटर पडणे नवलाचे नाही. तेव्हा डब्यात चार लिटर पाणी, म्हणजे 20 सेंटिमीटर उंची होते. बुटका डबा नेमका अशाच रात्री भरून वाहतो.

जागा निवडताना घाई करू नका. डब्याची कड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर, अगदी आडवी हवी. खाली फरशी किंवा पत्रा असेल तर शिंतोडे उडून आकडा फुगतो, म्हणून माती किंवा गवत बरे. घर, माड, कुंपण यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा, जमले तर चौपट. गच्ची सोयीची वाटते, पण कठड्याजवळ वारा उसळतो आणि पाऊस डब्यावरून निघून जातो. डबा विटांच्या खाचेत घट्ट बसवा, नाहीतर जूनमधल्या पहिल्याच वावटळीत लवंडेल.

रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान खात्याचीही हीच वेळ आहे, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडता येतो. मोजाल त्या तारखेसमोर लिहा, आणि ही रीत वहीच्या पहिल्या पानावर नोंदवून ठेवा. सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस सगळ्यांच्या लक्षात 26 जुलै 2005 चा आहे, पण तो मोजला गेला 27 च्या सकाळी. त्याच 24 तासांत मुंबईतल्याच कुलाब्यात 75 मिलिमीटरसुद्धा पडला नव्हता. म्हणून पेपरातला जवळच्या शहराचा आकडा आपल्या वाडीचा म्हणून उतरवू नये.

पाऊस नसेल तर 0 लिहा. नुसते शिंतोडे पडून मोजण्याइतके पाणी साठले नसेल तर ‘टिपूस’ लिहा. गावाला गेलात तर ‘मोजले नाही’ लिहा आणि परतल्यावर साठलेले पाणी ‘इतक्या दिवसांचे मिळून’ अशा शेऱ्यासह टाका. कोरी जागा सोडली की चार वर्षांनी ती शून्य होती की राहून गेली, हे कोणालाच सांगता येत नाही. आकड्याशेजारी एक ओळ मात्र जरूर लिहा: वारा कुठला, पऱ्ह्या (ओढा) किती वाजता भरला, एसटी आली का, लावणी कोणाकडे होती. निव्वळ आकडे हवामान खात्याकडेही आहेत. पऱ्ह्याची वेळ फक्त तुमच्याकडे असेल.

जुन्या वहीतले ‘2 इंच 40 सेंट’ म्हणजे 2.40 इंच. त्याला 25.4 ने गुणले की 61 मिलिमीटर.

प्रश्न: आईला बोटीचा प्रवास, पूर, दुष्काळ सगळे आठवते, पण साल सांगता येत नाही. कसे विचारावे?

उत्तर: साल विचारूच नका. ‘तेव्हा धाकटा मामा चालायला लागला होता का?’, ‘तिकिटाचे पैसे आण्यांत दिले की नव्या पैशांत?’ असे विचारा. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले. पत्रावर पिनकोड आला तो 15 ऑगस्ट 1972 पासून. पानशेत धरण फुटले 12 जुलै 1961 ला, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. लाल मिलो ज्वारी आणि सुकडी आठवत असेल तर तो 1972 चा दुष्काळ. कोकणात रेल्वेने गेल्याचे सांगत असतील तर ते कोकण रेल्वेनंतरचे. पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 ला सुरू झाला. दोन खुणांच्या मध्ये आठवण अडकली की साल तीन-चार वर्षांच्या टप्प्यात येते. तेवढे पुरे, ‘1957 ते 1961 च्या दरम्यान’ असेच लिहा.

पुरांची मात्र सरमिसळ होते. कोल्हापूर-सांगलीकडची माणसे 2005, 2019 आणि 2021 चे पूर बोलता बोलता एकत्र करतात. अशा वेळी भिंतीवरच्या पाणीरेषेपाशी त्यांना नेऊन उभे करा आणि पाणी कोणत्या पायरीला होते, जनावरे कुठे हलवली, हे तिथेच विचारा. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त बोलू नका. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगा.

प्रश्न: जुन्या तिकिटांना आणि वह्यांना दमट हवेने कसर लागते. काय करावे?

उत्तर: टाचण्या आणि स्टेपल आधी काढा, गंज कागद खातो. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी नको. कडुनिंबाचा पाला पानांत घालू नका, त्याचा ओलावा डाग पाडतो. वह्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून थोड्या सुट्या ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उलगडा. वही भिजली तर ती उन्हात टाकू नका आणि इस्त्रीही फिरवू नका. दर दहा-बारा पानांत टीपकागद घालून पंख्याखाली ठेवा आणि कागद बदलत राहा. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. एसटीची आजची मशीनची तिकिटे उष्णतेवर उमटणाऱ्या कागदाची असतात आणि काही महिन्यांत कोरी होतात. त्यांचा फोटो त्याच दिवशी काढा आणि तारीख, मार्ग, भाडे पेन्सिलीने वहीत उतरवून घ्या.