शेतातल्या मातीच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी पाझरतंय, धोका आहे का?

आधी पाणी नितळ आहे की गढूळ, ते बघा. काचेच्या बरणीत भरून तासभर ठेवा. तळाशी माती बसली, तर बांध आतून पोखरला जातोय. आजच मोटर लावून साठा उतरवा, सांडव्यातलं, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेतलं, गवत काढा, खालच्या वस्तीला आणि तहसीलदारांना कळवा. झरा चिखलाने बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटतं. त्यावर वाळू, वर खडी टाका. पाणी येईल, माती अडेल.

नितळ असेल तरी धार रोज बघा, वाढली की इंजिनिअरला बोलवा. खेकड्यांची बिळंही शोधा.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती हो!